वीतभर मोकळी जागा

एकदा एका डोंगरवस्तीने ठरवले, की दरीतल्या झऱ्याचे पाणी आता डोक्यावरून नव्हे, तर सूर्याच्या बळावर वर आणायचे. झरा बारमाही होता, पाणी गोड होते. पण मधली चढण अशी उभी, की भरलेला हंडा घेऊन आलेल्या बाईला दारात पोचल्यावर आधी भिंतीला टेकावे लागे आणि मगच बोलता येई.

हे काम करून द्यायला सावळेराम गुरुजी आले. शाळेत विज्ञान शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्तीनंतर ते आडबाजूच्या वस्त्यांवर सौरपंप बसवून देत हिंडत. त्यांच्यासोबत हौसा नावाची त्यांची तरुण शिष्या असे. बुद्धी तल्लख, हाताला वेग. गुंतागुंतीची तारजोडणी ती एकदा पाहून शिके. मात्र स्वभाव तापट होता. कोणी साधी शंका काढली, तरी तिला तो अपमान वाटे.

"पॅनेल कुठे बसवायची, ते या वेळी तू ठरव," गुरुजी तिला म्हणाले आणि स्वतः झऱ्यावर पंप जोडायला दरीत उतरले.

हौसाने सारी वस्ती पालथी घातली. वस्तीमागे एका खोलगट जागी पत्र्याचा गोठा होता. तिथे वारा म्हणून पोचत नसे. छप्पर इतके तापे, की बायका त्यावर कुरडया वाळत घालत आणि संध्याकाळपर्यंत त्या कडकडीत होत. हौसाला ही जागा फार पसंत पडली. जितके ऊन कडक तितकी वीज जास्त, हा तिचा हिशेब. तिने सगळी पॅनेल पत्र्याला घट्ट चिकटवून ठोकली. सायंकाळी गुरुजी वर आले. त्यांनी पॅनेलच्या कडेखाली बोट घालून पाहिले. बोट शिरेना. ते किंचित हसले आणि "बरं, उद्या पाणी चढवू," एवढेच बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी वस्ती या पाण्यासाठी बांधलेल्या हौदाभोवती जमली. हौसाने खटका दाबला. नळात गुरगुर झाली, हवा फुसफुसली आणि मनगटाएवढी धार हौदात कोसळली. बायकांनी एकमेकींवर पाणी उडवले. एका म्हातारीने धारेखाली ओंजळ धरली, ती पाणी प्यायली आणि तेच ओले हात हौसाच्या गालांवरून फिरवून गेली.

पण सूर्य जसजसा वर येऊ लागला, तसतशी धार बारीक होत चालली. चढण मोठी होती आणि पंपाची ताकद जेमतेम पुरणारी. जोर थोडा कमी पडला, तरी पाणी वर यायला कुरकुरे. भर दुपारी नळातून करंगळीएवढी धार उरली.

वस्तीतले ज्येष्ठ राणूबाबा काठी टेकत पुढे आले. "काय गं बाई, सूर्य तर डोक्यावर आला. सकाळी कोवळं ऊन होतं तेव्हा एवढं पाणी, आणि आता आग ओततोय तर पाणी पळालं कुठं?"

हौसाच्या कानशिलांवर रक्त चढले. "एवढी घाई असेल तर उचला हंडे आणि उतरा दरीत!" ती कडाडली. "इतकी वर्षं तेच केलंत ना!"

हौदाभोवतीचे हसणे थांबले. सकाळी एकमेकींवर पाणी उडवणाऱ्या बायकांनी माना खाली घातल्या. राणूबाबांनी काठी रोखली. "गुरुजी, आमची माणसं या नळासाठी खडक फोडत होती. आम्हाला असं बोलून घ्यायचं नाही. काढा तुमच्या त्या प्लेटा."

"काढतो," गुरुजी शांतपणे म्हणाले. हौसाने चमकून त्यांच्याकडे पाहिले.

त्यांनी पंप बंद केला आणि खरोखरच पॅनेल सोडवायला घेतली. पण ती सामानात न ठेवता ते एक पॅनेल घेऊन वस्तीच्या टोकाकडे निघाले. तिथे डोंगराच्या सोंडेवर उघडा माळ होता. दिवसभर गार वारा वाहे, म्हणून उन्हाळ्यात माणसे तिथल्या एकुलत्या झाडाखाली येऊन बसत. झाडाची सावली पडणार नाही इतक्या अंतरावर गुरुजींनी लोखंडी पाय रोवायला घेतले.

"गुरुजी, हे काय?" राणूबाबांना राग विसरून हसू आले. "उन्हावर चालणारं यंत्र गारव्यात नेऊन ठेवता?"

"बाबा, उद्या दुपारपर्यंत मला मुदत द्या. तेव्हाही असंच झालं, तर मी स्वतः हंडा घेऊन दरीत उतरेन."

हौसा मुकाट्याने पाय रोवत राहिली. तिने पॅनेल दक्षिणेकडे कलती बसवली. खालून, मागून, सगळीकडून वारा खेळेल, अशी गुरुजींनी ती उंच धरायला लावली होती. लोकही थोड्या वेळाने हातभार लावायला आले. पण हौसाशी कोणी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी तेच ऊन, तीच दुपार. नळाची धार मात्र मनगटाएवढीच राहिली. लोक आधी धारेकडे, मग सूर्याकडे पाहू लागले. हौसा गुरुजींपाशी आली. "गुरुजी, ऊन दोन्हीकडे सारखंच. मग फरक कशानं पडला?"

गुरुजींनी तिला जवळ बसवले. "सूर्य आपल्याला प्रकाश देतो आणि त्याच्यासोबत तापही येतो. वीज होते ती प्रकाशातून. काचेखाली सिलिकॉनच्या पातळ चकत्या आहेत. त्यांच्यावर प्रकाश पडला, की आतले सूक्ष्म कण सुटे होतात आणि एका दिशेने धावू लागतात. त्या धावण्यालाच आपण वीज म्हणतो. चकती फार तापली, की प्रकाश तेवढाच असूनही त्या विजेचा जोर उतरतो. म्हणून पॅनेलला ऊन भरपूर मिळावं, पण पाठीमागे वीतभर जागा मोकळी असावी. तिथून वारा ताप घेऊन जातो."

"मग पत्र्यावर ठोकली तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"दुपारी धार बारीक झाली, की तुझं तुलाच कळेल असं वाटलं. राणूबाबा आधी विचारतील, हे माझ्या ध्यानात नाही आलं." गुरुजी मिश्किल हसले, आणि मग हळूच म्हणाले, "हौसा, काल बाबांचा प्रश्न किती नेमका होता, पाहिलंस? सकाळी जास्त आणि दुपारी कमी, हे त्यांनी बरोबर हेरलं. तेवढ्यावर विचार केला असतास, तर उत्तर तुलाच सापडलं असतं. त्या प्रश्नात प्रकाश होता, थोडा तापही होता. तू ताप तेवढा ठेवून घेतलास आणि प्रकाश परत पाठवलास."

हौसा उठून थेट राणूबाबांपुढे गेली आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. "बाबा, काल मी वाईट बोलले. तुमचं बरोबर होतं. प्लेटा मी चुकीच्या जागी ठोकल्या होत्या."

राणूबाबा अवघडले. "असू दे, असू दे," म्हणत त्यांनी तिला उठवले. पण त्यांच्या जिभेला स्वस्थ बसवेना. साऱ्या वस्तीदेखत त्यांनी पुन्हा काठी रोखली. "एवढं सांग. आभाळ भरून आलं, की काय करायचं? तेव्हा तुझा सूर्य कुठं शोधायचा?"

लोकांनी श्वास रोखला. हौसाच्या कपाळाची शीर ताठ झालेली सर्वांना दिसली. सोंडेवरून वाऱ्याची एक झुळूक आली आणि तिचे मोकळे केस उडवून गेली. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरले.

"ढगातूनही थोडा उजेड येतो बाबा, त्यामुळं थोडं पाणी येईल. पण सगळ्यांना पुरेल का, ते मला आज सांगता येत नाही. उन्हाच्या दिवसांत जास्तीचं पाणी साठवलं, तर भागेल. तुम्हाला हा डोंगर माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. टाकी बांधायला वरच्या अंगाला पक्का खडक कुठे आहे?"

राणूबाबांचे डोळे लकाकले. "मला विचारतेस? चल, दाखवतो! लहानपणी गुरं घेऊन तिथंच बसायचो आम्ही." काठी काखेत मारून ते तरातरा निघालेसुद्धा. हौसा पदर खोचून त्यांच्यामागे धावली, आणि तिच्यामागे हसत, एकमेकींना ढकलत बायकांची रांग. हौदाशी फक्त गुरुजी राहिले. त्यांनी धारेखाली पाय धुतले, डोक्याचा रुमाल भिजवून पुन्हा बांधला आणि झाडाखाली जाऊन आडवे झाले. त्यानंतर हौसाला त्यांनी पुष्कळ विद्या शिकवली. ही एक गोष्ट मात्र पुन्हा सांगावी लागली नाही.