न मागितलेली हाक

एका राज्यात एक राजा होता, विक्रांत त्याचं नाव. त्याची राणी कनकावती, बहीण रेवा आणि एकुलती एक लेक कुंदा. कुंदाच्या बारशाला साऱ्या नगरात घुगऱ्या वाटल्या, वेशीबाहेरच्या मांत्रिकाला तेवढं विसरले. तो तडक आला नि पाळण्याशी उभा राहून बोलला, "हिच्याकडून मागून घेतलेला शब्द खडा होऊन पडेल. खड्यागणिक पोर दगड होत जाईल. आपणहून आईला हाक मारील, तेव्हाच शाप सुटेल."

पोर चार वर्षांची झाली, तरी मुकीच. पंडित आले, छडी घेऊन बसले. "म्हण, राजकन्ये, म्हण!" कुंदा घाबरून 'म' म्हणाली. टपकन खडा पडला नि पावलं दगडाची झाली. राजाने पंडितांना निरोपाचा विडा दिला.

मग रेवा आली. तिने काही विचारलं नाही, काही म्हणायला लावलं नाही. अंगणात मातीची चूल मांडली नि एकटीच चिखलाच्या भाकऱ्या थापत बसली. कुंदा सरपटत जवळ आली. पहिल्या दिवशी नुसती बघत राहिली. दुसऱ्या दिवशी चिखलात हात घातला. तिसऱ्या दिवशी बोलली, "आत्या, भाकरी करपली!"

शब्द शब्दच राहिला.

खांबाआडून राणीने ऐकलं नि तिच्या मनात हेव्याचा डोंब उसळला. नऊ महिने भार वाहिला मी, आणि पहिला बोल आत्याला! त्या दिवसापासून पोर रेवाच्या मांडीवर हसली, की राणीच्या तोंडचा घास कडू होई. पिंजऱ्यातला राघू वर तेल ओती, "राणीसाहेब, लेक तुमची, लळा त्यांचा."

"गप रे मेल्या! मिरची मिळायची नाही."

एके दिवशी तिला राहवेना. शाप ठाऊक असून धावली, पोरीचे दंड धरले. "मी कोण तुझी? सांग! सांग! सांग!" तीनदा विचारलं, तीन खडे पडले. पोर कमरेपर्यंत दगड झाली.

राणीने ऊर बडवला. "वन्सं, मला हवी ती शिक्षा करा, पण लेक वाचवा!"

"वहिनी, शिक्षेने कोण वाचलंय? पंगतीला बसा. विचारू नका, मागू नका."

राणी भुईवर बसली. जरीचा पदर चिखलात लोळला. कुंदाने पहिली भाकरी आत्याला वाढली. राणीचा जीव जळला, पण ती गप्प राहिली. दुसरी भाकरी राघूला. तो मुद्दाम म्हणाला, "वा, खमंग!" राणीने ओठ दाताखाली धरला. तिसरी बाहुलीला. राणीचे डोळे भरले, तरी हात पुढे केला नाही. आपली आपण चिखलाचा गोळा मळू लागली. वेडावाकडा, नुसता पचपचीत.

कुंदा बघत राहिली. मग हसून म्हणाली, "आई, पाणी जास्त झालं गं! आण इकडे, मी शिकवते."

त्यासरशी दगडात रक्त खेळलं. पोर उठली नि आईच्या गळ्यात पडली. राजाने ते अंगण रेवाला दिलं, नगरातली चिमणी पोरं तिथे येऊ लागली, नि राणी त्यांच्यात कोपरापर्यंत माखून बसू लागली. वर्षाच्या आत राजाच्या घरी पाळणा पुन्हा हलला. त्या घरात मग कुणी कुणाचा हेवा केला नाही. केलाच तर चिखलाच्या भाकरीपुरता.