समुद्रसापाची पारख

कोकणातल्या एका खाडीच्या तोंडाशी, भरतीला बुडणाऱ्या आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळात एक कुर्ली, म्हणजे खेकडीण, राहत असे. मुलांनो, या कुर्लीला अवघी खाडी मान देई, कारण वाम नावाची मासळी कोणती आणि समुद्रसाप कोणता हे तिच्याइतके अचूक कोणालाच सांगता येत नसे. दोन्ही लांबट, दोन्ही वळवळणारे. भलेभले मासे फसत. कुर्ली मात्र कपारीतून डोळे वर काढून पाही आणि ठसक्यात ओरडे, "शेपूट वल्ह्यासारखी चपटी, पाठीवर पर नाही, गळ्याशी कल्ले नाहीत. साप आहे हो! व्हा बाजूला!" तिच्या एका हाकेने कितीतरी लहान मासे वाचले होते. त्याचा तिला चांगलाच तोरा होता, आणि का नसावा?

एके सकाळी कुर्ली बाहेर आली, तर कातळाच्या खाचेत एक फाटके जाळे अडकलेले, आणि त्यात पिवळसर अंगावर काळे पट्टे असलेला साप गुरफटलेला. त्याचे डोके तेवढे पाण्याबाहेर होते. "मावशी," तो काकुळतीला येऊन म्हणाला, "तुझ्या नांग्यांनी एवढं जाळं तोड ना. भरती लागली आहे. पाणी डोक्यावर गेलं की मी मरेन."

कुर्लीला हसूच आले. "सगळा जन्म समुद्रात गेला तुझा, आणि पाण्यात मरशील होय? कोणाला बनवतोस?"

"खरंच सांगतो, मला वर येऊन श्वास घ्यावा लागतो. मी चावणार नाही गं. इतके दिवस तुझ्या दारावरून जातोय, कधी तुझ्या वाटेला गेलो का?"

हे मात्र खरे होते. कुर्ली थोडी पुढे सरकली. पण त्या विषारी दातांपाशी नांगी न्यायची तिची छाती होईना. मग तिने एक तोड काढली. "असं करू. पाणी ओसरलं की तू कोरड्यावर लुळा पडशील, तुला तिथे धड सरपटताही यायचं नाही. तेव्हा येऊन सगळं जाळं कापते. तूही सुटशील, मीही सुखरूप राहीन. थोडा धीर धर."

"तोपर्यंत मी उरणार नाही, मावशी," साप म्हणाला. पाणी चढत होते. तो मान ताणून वर वर धरत राहिला, आणि कुर्ली आपल्या बिळात शिरली. खोटे कशाला सांगू, स्वतःच्या हुशारीवर ती खूशच होती.

कुर्ली शब्दाची पक्की. पाणी पुरते ओसरण्याआधीच ती धावत आली. "ए, आले बघ मी!" तिने सापाला हळूच ढोसले. तो हलला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच ती एखाद्या सापाच्या इतकी जवळ गेली होती. तिने त्याचा गळा पाहिला. दोन्ही बाजूंना नुसते खवले, कुठे फट म्हणून नाही. कल्ले नाहीत! हे तर तीच साऱ्या खाडीला ओरडून सांगत आली होती. मासे कल्ल्यांनी पाण्यात श्वास घेतात. मग ज्याला कल्लेच नाहीत, त्याने पाण्याखाली श्वास घ्यायचा कसा? एवढा साधा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता.

"माझं चुकलं रे बाबा," ती रडत म्हणाली. मग तिने ते जाळे तोडायला घेतले. नांगी दुखून आली तरी ती थांबली नाही, शेवटचा धागा तुटेपर्यंत कापत राहिली. पुढच्या भरतीला लाटांनी सापाला सोबत नेले, आणि तो दिसेनासा होईपर्यंत कुर्ली कातळावर बसून होती.

तात्पर्य : एखाद्यापासून दूर राहण्यापुरतेच त्याला ओळखणे पुरेसे नाही, त्याला जगायला काय लागते हे ठाऊक असेल, तरच त्याच्या हाकेला वेळेवर धावून जाता येते.