पुसल्याशिवाय पुसायचं नाही!

पोपटाची चोच गेली आणि कातळगडच्या राजवाड्यात हाहाकार उडाला!

पोपट काही खरा नव्हता. महाराज भानाजीरावांच्या लाडक्या झोपाळ्यावर रंगवलेला होता. झोपाळा लाखेचा. लाकडावर लाखेचा रंग, त्यावर पोपट, केळफुलं, वेलबुट्टी, आणि वर आरशासारखी लकाकी. पण वर्षानुवर्षं धूप-उदबत्तीचा धूर आणि महाराजांच्या डोक्याचं तेल बसून झोपाळा काळा अन् चिकट झाला होता. त्यात परवा जावईबापू यायचे होते. म्हणून कारभाऱ्यांनी वाड्यातल्या बैठका झाडणाऱ्या भिवाला फर्मावलं, "तांब्याची घंगाळं राखेने कशी लख्ख होतात? तसाच झोपाळा घास!"

भिवाने राखेचं कढत पाणी केलं, पहिला हात मारला, आणि पोपटाची लाल चोच फडक्यावर उतरली!

महाराज असे भडकले की तिथल्या तिथे दवंडी पिटवली. "ऐका हो ऐका! महाराजांना पुसल्याशिवाय झोपाळा कुणी पुसायचा नाही! आणि झोपाळ्याबद्दल महाराजांपुढे कुणी चकार शब्द काढायचा नाही! तरीही जावईबापू येण्याआधी झोपाळा चकाकलाच पाहिजे! नाहीतर भिवाने बिऱ्हाड उचलून राज्याबाहेर चालतं व्हावं!"

आता आली का पंचाईत! पुसल्याशिवाय पुसायचं नाही, आणि पुसायला तोंड उघडायचं नाही!

कारभाऱ्यांनी खुणांनी पुसून पाहिलं. महाराजांपुढे उभे राहून ते पुढे-मागे, पुढे-मागे डुलले आणि हवेत फडकं फिरवलं.

"कारभारी, पोटात कळ आली का?" महाराज म्हणाले, आणि वैद्यांना बोलावून त्यांना वाटीभर कडू काढा पाजला. परत खुणा करायला कुणी धजावलं नाही.

इकडे भिवा घरी भांडी पोत्यात भरत होता. त्याची मुलगी आवडी मात्र चुलीपाशी बसून रिठे भिजवत होती.

"अगं, बिऱ्हाड हलवायचंय आणि तू धुणं काढलंस?"

"बाबा, ती दवंडी पुन्हा म्हणा बरं."

भिवाने रडक्या आवाजात दवंडी म्हटली. आवडी आधी गालात हसली, मग पदर तोंडाला लावून हसली.

"बाप देशोधडीला लागतोय आणि हिला हसू येतंय!"

"भांडी परत मांडा, बाबा. आणि तुमचं ते जुनं धोतर द्या. मऊ झालंय ना, तेच!"

"ते नको गं! त्यालाच आता माझी सवय झालीय!"

पण धोतर फाटलंच. आवडीने रिठ्याच्या कोमट पाण्यात एक तुकडा बुडवला, घट्ट पिळला आणि आपल्या लहानपणीच्या लाखेच्या भोवऱ्यावरून हलकेच फिरवला. मग लगेच कोरड्या तुकड्याने टिपून घेतलं. भोवरा लखलखला, रंग जागचा हलला नाही. "झालं!" आवडी म्हणाली. "आता महाराजांना पुसून येते!"

भिवाने कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी सदर भरली होती. महाराज झोपाळ्याशेजारच्या लोडाला टेकून ताक पीत होते. पेला खाली ठेवला तेव्हा त्यांच्या झुपकेदार मिशा पांढऱ्याशुभ्र झाल्या होत्या. सगळ्यांना दिसत होतं, पण सांगणार कोण? कारभारी तर छताकडे बघत बसले.

आवडी तांब्या आणि फडकी घेऊन आत आली. मुजरा केला. सरळ महाराजांपाशी गेली. पिळलेलं फडकं उचललं आणि एक शब्द न बोलता महाराजांच्या मिशा पुसल्या! आधी डावी, मग उजवी!

शिपाई धावला, पण तोवर आवडी झोपाळ्यापाशी पोहोचली होती. त्याच धोतराचं दुसरं फडकं भिजवून, पिळून ती पोपटाचं शेपूट पुसू लागली होती.

"थांब!" महाराज गरजले. "कुणाला पुसून झोपाळा पुसतेस?"

आवडीने बोट महाराजांच्या मिशांकडे दाखवलं.

"हे काय? तोंड नाही का तुला? बोल!"

"झोपाळ्याबद्दल बोलायची बंदी आहे, महाराज."

"ती उठवली! बोल!"

"मग ऐकावं. महाराजांना पुसल्याशिवाय झोपाळा पुसायचा नाही, असा हुकूम होता. म्हणून आधी महाराजांना पुसलं. बोलायचं नव्हतं, म्हणून फडक्याने पुसलं!"

कारभाऱ्यांना ठसका लागला. महाराजांनी मोठ्या कष्टाने डोळे वटारले. "असं? पण मी 'हो' कुठे म्हणालो होतो?"

"दवंडीत नुसतं पुसायचं होतं, महाराज. उत्तराला थांबायचं नव्हतं!"

"आणि उरलेला पोपट गेला असता तर?"

"म्हणून तर आधी महाराजांच्या मिशांवर फडकं फिरवलं. एक तरी केस गळला का? जे फडकं महाराजांच्या मिशांना बोचलं नाही, ते पोपटाला काय बोचणार!"

महाराजांचा हात आपोआप मिशांवर गेला. मग नजर झोपाळ्यावर गेली. धुराची काजळी निघून पोपटाचं शेपूट हिरवंगार झालं होतं! आता मात्र महाराजांना राहवलं नाही. ते इतके हसले, इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तेही पुसायला त्यांनी आवडीकडचं कोरडं फडकं मागून घेतलं!

"भिवाचं बिऱ्हाड जागेवर राहील!" हातातलं सोन्याचं कडं काढून तिच्या ओंजळीत टाकत महाराज म्हणाले. "आणि यापुढे कुठलाही हुकूम काढण्याआधी मी या पोरीला पुसत जाईन!"

आवडीने वाकून मुजरा केला.

"जरूर पुसावं, महाराज. पण तोंडाने!"