एका अक्षराची दुरुस्ती

निंबेगावची कुंभारआळी टेकडीवर होती. खालच्या सगळ्या आळ्यांचे नळ एकदमच सुरू व्हायचे, त्यामुळे वरच्या नळांतून नुसती हवा यायची. आळी टँकरवर दिवस काढत होती.

एके दिवशी नगरपालिकेचे मुख्याधिकारी राजोपाध्ये एक कागद घेऊन आळीत आले. त्यावर लिहिले होते, ‘कुंभारआळीत रोज पाणी सोडले जाते.’ खाली आळीतल्या कुणाची सही झाली, की टँकर बंद होणार होता.

लोकांनी निवृत्त शिक्षिका इंदूबाईंना पुढे केले.

“साहेब, सकाळी तासभर खालचे व्हॉल्व्ह बंद ठेवा,” बाई म्हणाल्या. “पाणी आधी वर चढू द्या. खाली काय, ते आपोआप उतरतं.”

“आराखडा कॉम्प्युटरने काढलाय, बाई. तुम्ही शाळेत शुद्धलेखन शिकवलंत ना? मग पाण्याचं आम्हाला बघू द्या. सही करा.”

“बरं, शुद्धलेखनच बघते.”

बाईंनी चष्मा लावला. ‘आळीत’मधला ‘त’ खोडून तिथे ‘वर’ लिहिले आणि खाली ठसठशीत सही केली.

“घ्या. आता वाक्य खरं झालं.”

साहेबांनी मोठ्याने वाचले, “कुंभारआळीवर रोज पाणी सोडले जाते.”

सगळी आळी हसू लागली. असा कागद वरिष्ठांकडे पाठवायचा कसा, हे साहेबांना कळेना.

“बाई, एवढं पुसून टाका.”

“पुसते की. नळाला पाणी आलं, की त्याच पाण्यानं पुसते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी खालचे व्हॉल्व्ह तासभर बंद राहिले, आणि बाईंनी फडके भिजवले ते आळीतल्याच नळाखाली.