माळावरची भरती

त्या राज्यात विद्या समुद्राकाठी होती आणि शिकायची हौस माळावर. मधे सात डोंगर होते, आणि तेवढं अंतर तोडायला कासवाला वर्ष लागे. म्हणून सागरशाळेने जोडशंखांची सोय केली होती. जोडीतला एक शंख गुरुजींजवळ वाळूत असे, दुसरा लांबच्या विद्यार्थ्याच्या दारात. एकात बोललेलं दुसऱ्यात ऐकू येई. फक्त डोंगर ओलांडून यायला आवाजाला थोडा वेळ लागे.

गोदी नावाच्या तरुण कासवीच्या दारात असा शंख आला, तेव्हा माळावर चर्चेला ऊत आला. "पोहायला शिकणार म्हणे! खडकावर!" शेजारची शेळीकाकू कुजबुजली, आणि ते अख्ख्या माळाला ऐकू गेलं. तिची कुजबुज तशीच होती.

शाळा भरतीच्या वेळी भरे. पहिला नियम असा, की पाणी चढू लागलं की आधी उंच खडकावर जायचं, मग धडा. हा नियम किनाऱ्यावरच्यांसाठी आहे, हे गोदीला कुणी सांगितलं नाही. तीही दारातल्या खडकावर चढे, पालथी पडून हातपाय हवेत मारी आणि लाटांची नावं घोकी. अंगण माळाचं, वेळ समुद्राची. सगळे जेवायला बसत तेव्हा ती शाळेत असे, आणि तेव्हाच आईची हाक येई.

"घरातच आहेस ना गं? मग चार घास खाऊन घे."

"गुरुजी शिकवतायत, आई."

"त्यांनाही म्हणावं, जेवून घ्या."

वर्गात कुणी काही गमतीचं बोललं की पोरं खदखदून हसत. ते हसू गोदीपर्यंत पोचायचं, ती हसायची, आणि तिचं हसू तिकडे पोचेपर्यंत वर्ग पुढच्या धड्यावर गेलेला असायचा. गुरुजी म्हणत, "कोण हसलं?" मग ती हसेनाशीच झाली.

त्यात शेळीकाकू. ऐन धड्यात ती शंखात तोंड घालून विचारी, "अगं ए गोदे, पाणी दिसलं का गं?" गोदीला मेल्याहून मेल्यासारखं होई. ती घाईघाईने शंखाच्या तोंडावर पाला दाबून धरी. पुढे पुढे तो पाला तिने काढलाच नाही. तिकडचं ऐकू येई, इकडचं काही जात नसे. असं शिकणं सोपं होतं, पण फार एकटं होतं.

आईने काही दिवस कुरकुर केली. मग तिच्या मनाने घेतलं, की एवढी शहाणी पोर रोज चढते, त्या अर्थी काहीतरी असणारच. तीही वेळेवर खडकावर चढू लागली आणि शेळीकाकूलाही बोलावू लागली. उगाच बुडायला नको.

शेवटच्या धड्याला गुरुजी म्हणाले, "आता शाळा बंद. वर्षाने साक्षीची भरती. त्या दिवशी सोबत्यांपैकी कुणीतरी 'ही आमची' म्हणायला हवं. जिला कुणी ओळखत नाही, तिला पाण्यात उतरता येत नाही."

धडे गोदीला तोंडपाठ होते. पण तिला पाहिलं होतं कुणी?

तरी ती निघाली. शंख आईपाशी ठेवला, त्यावरचा पाला काढला, आणि वर्षभर चालत राहिली.

समुद्र तिने ऐकला होता त्याहून मोठा निघाला, आणि गुरुजी ऐकले होते त्याहून लहान. पोरं एकेक करून पुढे जात होती, सोबती ओरडत होते, "आमचा! आमची!" गोदीची पाळी आली.

"हिला कोण ओळखतं?" गुरुजींनी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. एक जण म्हणाला, "गोदी नावाची कुणीतरी होती खरी. पण ती कधी बोललीच नाही." ते खरंच होतं, म्हणून जास्त लागलं. भरती चढू लागली. पोरं खडकाकडे निघाली आणि गोदी डोंगराकडे वळली.

तेवढ्यात गुरुजींजवळच्या एका शंखातून आवाज आला. "चढा हो शेळीबाई, वेळ झाली!"

"चढते बाई, चढते. पण रोज चढून पाणी कुठंय? अगं ए गोदे, पाणी दिसलं का गं?"

खडकावर चढणारी पोरं थबकली. मग एकच गलका झाला.

"अरे, ही 'पाणी दिसलं का'वाली!"

"काकू कुठं गेल्या होत्या इतके दिवस? आम्ही रोज वाट बघायचो!"

"आमची आहे, गुरुजी! आमचीच!"

सगळे हसले, आणि गोदीही त्यांच्या बरोबरच हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. गुरुजी बाजूला झाले.

लाट तिच्या पायांवर आली. पाणी इतकं गार असतं, हे कुठल्याच धड्यात नव्हतं. पुढच्या लाटेआधी ती वळली, वाळूतला तो शंख तिने तोंडात धरून आणला आणि लाटेत धरला. खळाळत पाणी आत शिरलं. मग तिने तो उपडा करून रिकामा केला, कानाशी लावला आणि थांबली. आवाजाला सात डोंगर ओलांडायचे होते.

पलीकडून आईची आरोळी आली, "आली गं बाई आली! वर चला, वर!" आणि तिच्या मागोमाग, कोरड्या खडकावर जिवाच्या आकांताने चढणाऱ्या शेळीकाकूच्या खुरांचा खडखडाट.