मोठा चार्जर

होड्यांवर विजेचे दिवे नुकतेच आले होते, तेव्हाची गोष्ट. पोशा नाखव्याच्या होडीची बॅटरी पावसाळाभर पडून रिकामी झाली होती. नारळी पौर्णिमेच्या सकाळी त्याने ती पडवीत आणली. तिथे दोन चार्जर होते.

"मला दिवसभर लागेल," लहान चार्जर म्हणाला, "पण ती भरली की मी थांबतो."

"मी दुपारीच भरतो," मोठा गुरगुरला. "थांबणं मला ठाऊक नाही!"

मिरवणुकीत सगळ्यांत आधी आपलीच होडी उजळावी, ही नाखव्याची हौस. त्याने मोठ्याला हळदकुंकू वाहिलं, बॅटरीला जोडलं आणि तो नारळ सजवायला गेला.

बॅटरी भरली, मग तापली. "पुरे, दादा!"

"खा गं, सण आहे."

तिच्या पोटातलं पाणी उकळून आटलं.

होडी झगमगली. गावाने मोठ्याचं कौतुक केलं. आठवड्याने भर वादळात त्या बॅटरीवर इंजिन सुरू होईना आणि होडी खडकावर फुटली. नाखवा किनाऱ्याला लागला. त्याचा भाऊ लागला नाही.

"बॅटरीच हलकी निघाली," नाखवा सांगत राहिला.

पुढच्या नारळी पौर्णिमेला पडवीत नवी बॅटरी आली. नाखव्याने मोठ्या चार्जरला हार घातला.

"आधीची ताई कुठे गेली?" नव्या बॅटरीने विचारलं.

"तिला सणाचं जेवण पचलं नाही," मोठा म्हणाला. "तू पोटभर खा."