शिलावतीचे दगड

पूर्वी शिलावती नावाच्या ओढ्याकाठी कुंभनगर होते. तिथे राजा भद्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने ढीवरांच्या, म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या, कुळात जन्म घेतला. त्याचे नाव वारुण. उतारवयात तो वस्तीचा मुखिया झाला.

राजाला नव्या प्रासादासाठी डोंगरातून सागाचे ओंडके वाहवून आणायचे होते. ते खडकांत अडकत. म्हणून त्याने ओढ्यातले खडक फोडून काढवले, वळणे सरळ केली, काठच्या जांभळी आणि उंबर तोडवले. प्रासाद उभा राहिला, पण ओढ्यात मासे दिसेनासे झाले. ढीवरांच्या चुली थंड पडू लागल्या आणि राजाच्या ताटातही मासा येईना.

राजाने वारुणला आज्ञा केली, "वरच्या डोहातून मासे आणून इथे सोड."

वारुणने कावडीने मासे आणले. चार दिवसांत ते पोट वर करून तरंगले. दुसऱ्यांदा आणले, तेही मेले. तिसऱ्यांदा आणले, तेव्हा गढूळ डबक्यात शिरलेल्या दोन मरळी तेवढ्या वाचल्या. राजा संतापून म्हणाला, "आणखी एकदा आण. या वेळी मासे जगले तर वरचा डोह तुझ्या वस्तीला देईन. आणणार नसशील तर वस्ती उठव."

घरी त्याची विधवा सून सोमा म्हणाली, "मामंजी, आणा ना एकदा. मेले तर मेले. निदान आपल्याला उठावं लागणार नाही."

वारुणने कावड कोपऱ्यात उभी केली. त्याचे खांदे कावडीने सोलवटले होते. तो म्हणाला, "पोरी, तीन वेळा मी जिवंत मासे आणून मारले. आता हात उचलत नाहीत."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो राजापुढे उभा राहिला. "महाराज, मासे आणणार नाही. वस्ती उठवण्याआधी माझ्याबरोबर ओढ्यात चाला. पायांत काही घालू नका."

राजाला हसू आले, पण तो निघाला. सरळ केलेल्या पात्रात पाणी घोट्याएवढे होते आणि तापले होते. चिखलात पाय रुतत होते. पाव कोस वर एक प्रचंड खडक होता. तो फुटला नाही म्हणून मजुरांनी सोडून दिला होता. त्याच्या आडोशाला एक उंबर उरला होता. तिथे राजाच्या पायांना गारवा लागला.

"वाकून पाहा," वारुण म्हणाला.

खडकाला मळ्या नावाच्या बारीक मासळ्या चिकटल्या होत्या. मुळांच्या जाळीतून एक वाम मासळी तोंड काढून बसली होती. धारेत खडस माशाची पिल्ले प्रवाहाविरुद्ध पोहत होती.

"पाणी तर तेच आहे," राजा पुटपुटला.

"पाणी तेच आहे, महाराज. धार, सावली, कपार आपण काढून घेतली. एकाला दगड लागतो, एकाला मूळ. मरळीला चिखल चालतो, म्हणून ती उरली."

राजाने ओल्या खडकावर हात ठेवला. मग म्हणाला, "वस्ती राहू दे. दगड परत टाका. पण माझे मजूर आता कोटाच्या कामावर आहेत."

मग ढीवरांनीच दगड टाकले. वारुण रोज थोडे टाकी, बसे, पुन्हा उठे. पहिल्या पुरात निम्मे वाहून गेले. त्याने कोणाला दोष दिला नाही, पुन्हा टाकले. सोमाने काठावर उंबराच्या फांद्या रोवल्या. पाचव्या वर्षी मळ्या आल्या. खडस आले, तेव्हा वारुण या जगात नव्हता. सोमाने ते पाहिले आणि पाण्यातच बसून रडली.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका आम्रवनात सुवेल नावाच्या भिक्षूला सांगितली. रुग्णांची सेवा करून तो थकला होता आणि चीवर उतरवून भिक्षुपण सोडायला निघाला होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा भद्रसेन म्हणजे या आम्रवनाचा दाता. सोमा म्हणजे, सुवेला, तूच. आणि तो म्हातारा ढीवर मी होतो. त्या जन्मी मीही फार थकलो होतो. तेव्हा बुद्धत्वाकडे नेणारी जी पारमिता मी जोपासली, तिचे नाव क्षांती, म्हणजे धीराने सोसणे."

सुवेल उठला आणि रुग्णांसाठी पाणी आणायला गेला.